पाणी कोणाच्या हातचे? मराठी ख्रिस्ती साहित्यातील हृदयपरिवर्तनाच्या अभ्यासाची प्रस्तावना

ख्रिस्ती जीवनातील हृदयपरिवर्तनाचा अभ्यास करायचा, तर तो पुण्यामुंबईच्या एखाद्या धर्मविद्यालयात बसूनच करावा लागतो, असा समज आहे. सांगोल्यासारख्या तालुक्याच्या गावी हा विषय काढला की ऐकणारा जरा चमकतोच. इथे बोलणे निघते ते डाळिंबाच्या भावाचे, माण नदीच्या पाण्याचे, खिलार बैलांच्या बाजाराचे. ख्रिस्ती धर्माशी बहुतेकांची ओळख मिरजेच्या मिशन हॉस्पिटलापुरती. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या त्या दवाखान्याच्या पायऱ्या या भागातल्या कितीतरी कुटुंबांनी चढल्या आहेत. पण तिथे राबणाऱ्या माणसांना आतून कशाने हलवले, हे विचारण्याचे कारण सहसा कोणाला पडले नाही.

तरीही हा विषय इथल्या वाचकाला परका नाही. पंढरपूर तासाभराच्या वाटेवर आहे, चोखोबांचे मंगळवेढे शेजारच्या तालुक्यात आहे. माणूस आतून बदलू शकतो आणि खरोखर बदलला तर ते झाकून राहत नाही, हे इकडे शाळेची पायरी न चढलेल्यालाही ठाऊक असते. गळ्यात तुळशीची माळ पडते ती एका दिवशी. पण दारू सुटली का, तोंडातली शिवी गेली का, भावकीतला बांधाचा तंटा मिटला का, याचा हिशेब गाव पुढे वर्षानुवर्षे ठेवते. माळ घालून पूर्वीसारखाच वागणाऱ्याला गाव तोंडावर ऐकवायला कमी करत नाही. ख्रिस्ती हृदयपरिवर्तनाच्या अभ्यासाला याच ठिकाणी आरंभ होतो. बाप्तिस्म्याची तारीख चर्चच्या नोंदवहीत सापडते. मन पालटले ते कधी, आणि पालटले हे ओळखायचे कशावरून, हे नोंदवहीत सापडत नाही.

मला या प्रस्तावनेत एकच मत मांडायचे आहे. मराठी मुलखात या प्रश्नाचा निकाल प्रार्थनेच्या बाकावर फारसा लागला नाही. तो पाण्याच्या हंड्यापाशी आणि जेवणाच्या पंगतीत लागला. कोणाच्या हातचे पाणी चालते, कोणाच्या शेजारी पाट मांडला जातो, यावरून इथल्या लोकांनी स्वतःचे आणि दुसऱ्याचे हृदय तपासले. हे सूत्र हाती धरले की चारशे वर्षांचे विखुरलेले साहित्य एका रेषेत दिसू लागते.

आधी मूळ शिकवण थोडक्यात पाहू. जुन्या करारात यहेज्केल संदेष्ट्याच्या तोंडी अभिवचन येते ते दगडाचे हृदय काढून मांसाचे हृदय देण्याचे. पाप हातून घडून गेल्यावर दावीद राजा नुसती क्षमा मागत नाही, नवे मन मागतो. नव्या करारात निकदेम हा प्रतिष्ठित धर्मपंडित रात्रीच्या वेळी येशूकडे येतो आणि त्याला पुन्हा जन्म घेण्याची गोष्ट ऐकावी लागते. या साऱ्यात भर आतल्या बदलावर आहे. पण तोच बायबल ग्रंथ हा बदल आतच ठेवू देत नाही. जक्कय नावाचा जकातदार येशू आपल्या घरी येताच निम्मी मालमत्ता गोरगरिबांना देऊ करतो आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करायला निघतो. प्रेषितांच्या कृत्यांत पेत्राला दृष्टान्त होतो तो खाण्यापिण्याच्या विटाळाविषयी. त्यानंतर तो कर्नेल्य या परजातीय अधिकाऱ्याच्या घराचा उंबरा ओलांडतो. पुढे अंत्युखियात हाच पेत्र आपल्या लोकांच्या भीतीने परजातीयांच्या पंगतीतून अंग काढून घेतो, तेव्हा पौल त्याला सगळ्यांसमोर खडसावतो. बदललेले हृदय पुन्हा जुन्या सोवळ्यात शिरू शकते, हे ख्रिस्ती धर्माच्या पहिल्याच पिढीने अनुभवले होते. मराठी वाचकाला हा प्रसंग समजावून सांगायला वेगळे भाष्य लागत नाही.

पुढच्या शतकांत या अनुभवाची निरनिराळी वर्णने झाली. संत ऑगस्टीनने ३८६ साली मिलानमधल्या एका बागेत आपल्या जीवनाला आलेले वळण 'कन्फेशन्स'मध्ये लिहिले आणि आत्मनिवेदनाचा एक साचाच घालून दिला. जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी रोजच्या आत्मपरीक्षणाची शिस्त लावली. त्यांच्या लेखी परिवर्तन हा आयुष्यभराचा सराव होता. जॉन वेस्लीला २४ मे १७३८ रोजी लंडनच्या एका सभेत अंतःकरण उबदार झाल्याचा अनुभव आला, आणि त्या संध्याकाळपासून इंग्रजी ख्रिस्ती जगात तारीखवार सांगता येणाऱ्या पालटाला मोठे वजन आले. मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १९०२ मध्ये अचानक होणारा पालट आणि हळूहळू होणारा पालट असा भेद मांडला. ढोबळमानाने सांगायचे तर कॅथलिक परंपरा रोजच्या सरावाकडे अधिक झुकते आणि सुवार्तावादी प्रॉटेस्टंट परंपरा नव्या जन्माच्या क्षणाकडे. महाराष्ट्रात आणि गोव्यात या दोन्ही परंपरा पोचल्या, आणि दोघींची इथल्या जातिव्यवस्थेशी गाठ पडली.

गोव्यात आधी. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये तिथे आले आणि १६१६ मध्ये त्यांचे 'क्रिस्तपुराण' छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ मराठीच्या कौतुकासाठी सर्वत्र सांगितला जातो. आपल्या अभ्यासाला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांची जुनी पुराणे सुटली होती आणि त्यांच्या जागी काही आले नव्हते. बाप्तिस्मा झाला, नाव बदलले, कान मात्र ओवीला आसुसलेले राहिले. मन नव्या श्रद्धेकडे न्यायचे तर जुन्या कानांची वाट धरावी लागते, हे स्टीफन्सनी ओळखले. त्याच गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनचे न्यायालयही बसले होते, जुने रीतिरिवाज पाळणाऱ्यांना शिक्षा करण्यासाठी. धाकाने वागणे बदलते, मनाचे सांगता येत नाही. 'क्रिस्तपुराण' वाचताना हे न्यायालय नजरेआड करणारा अभ्यास अर्धवट राहतो, आणि केवळ न्यायालय पाहून ओव्यांकडे पाठ फिरवणाराही.

एकोणिसाव्या शतकात आपण बेळगाव-मुंबईकडे येतो. बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांना बहुतेक लोक 'यमुनापर्यटन' (१८५७) या कादंबरीचे कर्ते म्हणून ओळखतात. त्यांचे आत्मचरित्र 'अरुणोदय' १८८८ मध्ये आले. त्यातला तरुण बाबा मुंबईत परमहंस सभेत वावरतो. १८४९ च्या सुमारास स्थापन झालेली ही गुप्त मंडळी. जातिभेद मोडायचा हा तिचा निश्चय, आणि सभासद होताना परजातीच्या हातचा पाव खायचा ही तिची खूण. दार लावून पाव खायचा आणि बाहेर येऊन पूर्वीसारखे जातीत वावरायचे, असा तो मामला होता. पदमनजींनी १८५४ मध्ये बेळगावात बाप्तिस्मा घेतला तेव्हा बंद दाराआडचे हे बंड उघड झाले. त्यांच्या निर्णयात धर्मतत्त्वांचा भाग मोठा होता, यात शंका नाही. परंतु विचार पटणे आणि त्याची किंमत चारचौघांत मोजणे यांत केवढे अंतर असते, ते या आत्मचरित्रातून जितके स्पष्ट कळते तितके कोणत्याही प्रवचनातून कळणार नाही.

पंडिता रमाबाईंची (१८५८–१९२२) वाट आणखी वळणावळणाची आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी लहानग्या लेकीसह, मनोरमेसह, बाप्तिस्मा घेतला. इथे नोंदवहीतली तारीख अगदी पक्की आहे. मात्र पुढे १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात ते वेगळेच: बाप्तिस्म्याने त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळायचा होता, मनाची ती निश्चिंती त्यांना आठेक वर्षांनी लाभली. मधल्या काळात वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन आणि धर्मगुरूंशी त्यांचा जो पत्रव्यवहार चालला, तो महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केला. तो मुळातून वाचावा. कोणी सांगितले म्हणून मान डोलावणारी ही बाई नव्हे. बिशपांच्या अधिकारालाही ती प्रश्न करते आणि आपली बुद्धी कोणाकडे गहाण ठेवायला साफ नकार देते. हृदय पालटणे म्हणजे बुद्धी बाजूला ठेवणे, असे ज्यांना वाटते त्यांनी रमाबाईंशी दोन हात करून पाहावेत.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी उपासमारीने गांजलेल्या मुली-बायकांना केडगावच्या मुक्ती सदनात आणले. १९०५ मध्ये तिथे जे आध्यात्मिक पुनरुज्जीवन झाले, त्याची वार्ता जगभरच्या ख्रिस्ती नियतकालिकांत गेली: रात्ररात्र चाललेल्या प्रार्थना, ओक्साबोक्शी रडून दिलेली पापांची कबुली. उत्कट भावना हीच परिवर्तनाची खूण, असे मानणाऱ्याला इथे भरपूर सामग्री मिळेल. स्वतः रमाबाई मात्र कामाला जुंपलेल्या दिसतात. शेती, विणकाम, छापखाना आणि या सगळ्याच्या जोडीला हिब्रू व ग्रीक शिकून केलेले बायबलचे मराठी भाषांतर. त्या १९२२ मध्ये गेल्या. मुक्तीच्या छापखान्यातून संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले.

या अभ्यासाचे केंद्र मात्र टिळक दांपत्य आहे. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) १८९३ मध्ये आगगाडीने राजनांदगावकडे जात असताना डब्यातल्या एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार वाचायला दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापाशी पोचलो, असे ते मानत, आणि पुढच्या त्यांच्या अभंगांनी मराठी चर्चची उपासनाच बदलली. आजही 'उपासना संगीत' उघडले की त्यांच्या रचना भेटतात. १९१७ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात एकत्र बसावेत, ही त्यांची इच्छा होती. बाप्तिस्म्यानंतर बावीस वर्षांनीही या माणसाच्या आत काहीतरी सरकतच होते.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई (१८६८–१९३६) यांचे 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाले. हा पालट जवळून पाहायचा असेल तर मराठीत याच्या तोडीचा दुसरा ग्रंथ नाही. पुस्तकाचा आरंभच सोवळ्यापासून होतो. १८५७ च्या धामधुमीनंतर एका आप्ताला फाशी झाली आणि लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या डोक्यात सोवळ्याने घर केले. बाजारातून आलेला प्रत्येक जिन्नस धुऊन घ्यायचा, मीठसाखरसुद्धा त्यातून सुटायची नाही. अशा घरात वाढलेल्या बाईचा नवरा एके दिवशी ख्रिस्ती होतो. ती कोसळते. माहेरच्या माणसांच्या आधाराने ती काही वर्षे वेगळी राहते, त्यांतला मोठा काळ पंढरपुरात. वारीच्या गजबजलेल्या गावात एक ब्राह्मण बाई लहान मुलाला घेऊन नवऱ्याची पत्रे वाचत आपला निर्णय चाचपत होती. सांगोल्याच्या वाचकाला या अभ्यासाचे दार इतक्या जवळ आहे.

पुढे ती नगरला नवऱ्याकडे येते, पण ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे. तिची चूल वेगळी, तिची भांडी वेगळी, तिचे पाणी वेगळे. टिळक तिच्यावर सक्ती करत नाहीत. ही वेगळी मांडलेली चूल हाच या विषयाचा सर्वांत मोलाचा दस्तऐवज आहे, असे मी म्हणेन. कारण पालट तिथेच घडतो. कोणाचे प्रवचन ऐकून नाही, कोणी वाद घालून हरवले म्हणूनही नाही. एकटीच विचार करत असताना तिच्या ध्यानात येते की जाती देवाने केलेल्या नाहीत, त्या माणसांनी केल्या. हे पटल्यावर ती ते मनात ठेवत नाही. आता कोणाच्याही हातचे खायचे, असे ठरवते आणि खाते. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये. पदमनजींनी कोंडलेल्या खोलीतून उघड्यावर येताना जी उडी मारली, ती लक्ष्मीबाईंनी स्वयंपाकघरात मारली. क्रमही पाहण्यासारखा आहे: आधी सोवळे गेले, मग धर्म बदलला. तिच्या साऱ्या निवेदनात मोठेपणाचा आव नाही. स्वतःवर हसण्याची तिची हातोटी अशी की वाचणाऱ्याला आपण धर्मविषयक ग्रंथ वाचतो आहोत याचाच विसर पडतो. टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्यही पुढे हिनेच बव्हंशी तडीस नेले.

इथवरची चित्रे उजळ आहेत. तेवढ्यावर थांबलो तर अभ्यास एकांगी होईल. आपल्याच जिल्ह्यात, सोलापुरात, १ जानेवारी १९३८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर ख्रिस्ती समाजासमोर बोलले. बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तींचे आपल्याला आकर्षण असल्याचे त्यांनी सांगितले. पण त्याच भाषणात त्यांनी दक्षिणेतल्या चर्चमध्ये पाळल्या जाणाऱ्या जातीवर बोट ठेवले आणि सामाजिक अन्याय दूर करण्यासाठी ख्रिस्ती समाज म्हणून झगडला नाही, असा ठपका ठेवला. पेत्र पंगतीतून उठला तेव्हा पौलाने जे केले, तेच इथे घडले. फरक एवढाच की बोट दाखवणारा बाहेरचा होता. हृदय बदलल्याची साक्ष देणाऱ्या समाजाला पाणवठ्यावरचा आणि पंगतीतला हिशेब विचारणे, यात धर्मद्वेष नाही. ज्याने आपली कसोटी स्वतःच जाहीर केली, त्याला ती लावूनच पाहायची असते. माझ्या मते या भाषणाचे वाचन हृदयपरिवर्तनाच्या प्रत्येक अभ्यासक्रमात सक्तीचे असावे.

आता नव्या अभ्यासकाला चार सूचना. पहिली: साक्षीचा एक ठरलेला साचा असतो. आधी अंधार, मग उजेड, मग आनंद. लेखक खोटे बोलत नसतो, पण आठवणींना तो त्या साच्यात बसवत असतो. म्हणून साक्षीच्या जोडीला त्या काळची पत्रे, डायऱ्या आणि वर्तमानपत्रे ठेवावीत. १८४२ पासून निघणाऱ्या 'ज्ञानोदया'च्या जुन्या फायली या दृष्टीने फार उपयोगी आहेत. दुसरी: धर्मांतराने घरे मोडली, आईबापांनी मुलांच्या नावाने आंघोळ केली, बायका नवरा असून एकट्या पडल्या. त्या माणसांचे दुःखही याच विषयाचा भाग आहे. एकाचे हृदय पालटले म्हणून दुसऱ्याचे दुखावलेले हृदय हिशेबातून गळू नये. तिसरी: आपल्यापुढची बहुतेक आत्मचरित्रे शिकलेल्या, वरच्या जातींतल्या माणसांची आहेत. नगर-सोलापूर भागातल्या मंडळ्यांत संख्येने जास्त होते ते महार-मांग समाजातून आलेले लोक, आणि त्यांची पुस्तके हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पोटासाठी ख्रिस्ती झाले, असे म्हणून त्यांची बोळवण करण्याची रीत आहे. उपाशी माणसालाही हृदय असते, आणि ज्याला आयुष्यभर विहिरीवर चढू दिले नाही त्याला कोणी बरोबरीने बसवून जेवू घातले तर त्याच्या आत काय होते, हे पोट भरलेल्याने ठरवू नये. त्यांच्यासाठी पुस्तकांपलीकडे जावे लागेल: भजनांच्या वह्या, ख्रिस्ती कीर्तने, घराघरांत सांगितल्या जाणाऱ्या आजोबा-पणजोबांच्या हकिकती. चौथी: भक्त होऊनच हा विषय समजतो, ही समजूत सोडावी, आणि संशय घेतला की विद्वत्ता सिद्ध होते, हीदेखील. बोलणाऱ्याचे म्हणणे आधी पूर्ण ऐकून घ्यावे, मग तपासावे.

वाचनाचा क्रम विचाराल तर मी असा लावेन. आधी 'स्मृतिचित्रे', जमल्यास अशोक देवदत्त टिळकांनी संपादित केलेली संपूर्ण आवृत्ती. मग 'अरुणोदय'. त्यानंतर रमाबाईंची साक्ष आणि पत्रे एकमेकांशेजारी ठेवून. सोलापूरचे भाषण त्यालगत. 'क्रिस्तपुराणा'च्या ओव्यांकडे वळायला यानंतर हरकत नाही; जुन्या मराठीचा सराव नसेल तर एकदम सगळे वाचण्याचा हट्ट धरू नये. बायबलची पार्श्वभूमी हवी असेल त्यांनी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' जवळ ठेवावे; त्याला २०१३ चा साहित्य अकादमी अनुवाद पुरस्कार मिळाला आहे आणि त्यातली मराठी आपल्या बोलण्याजवळची आहे.

शेवटी या भागातल्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना एक विनंती. सोलापूर, पंढरपूर, मिरज इथल्या चर्चमध्ये आज ऐंशी-पंच्याऐंशीच्या घरातली माणसे आहेत. त्यांच्या आजी-आजोबांनी धर्म बदलला तेव्हा घरात काय झाले, कोणी बोलणे टाकले, कोणी पहिल्यांदा जेवायला बोलावले, चर्चमध्येही कोण कोणाच्या शेजारी बसत नसे, हे त्यांनी ऐकलेले आहे. ते कुठेही छापलेले नाही. वही आणि मोबाइलवरचे रेकॉर्डिंग एवढे साहित्य पुरेसे आहे. त्यांची परवानगी घ्या, नाव न छापण्याची त्यांची इच्छा असेल तर ती पाळा, आणि घाई न करता ऐका. मराठी ख्रिस्ती जीवनाचा मोठा भाग अजून याच माणसांच्या तोंडी आहे. तो पुढच्या दहा वर्षांत लिहून घेतला नाही, तर नंतर कोणालाही लिहिता येणार नाही.

सांगोला